बेल न वाजवता

७ जुलै
लिफ्टशेजारी सोसायटीची नोटीस. पॅसेजमध्ये खुर्ची, कुंड्या, चपलांचे स्टँड नकोत; आग लागली तर वाट मोकळी हवी. आमच्या मजल्यावर खुर्ची एकच. आईची. वॉचमनने ती आत आणून ठेवली. आई म्हणाली, "दारात बसान मी कोणाची वाट अडवतंय?"
नोटिशीखाली सही बाळ्याची. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीतला. चाळीच्या जागी हा टॉवर झाला, आता तो सेक्रेटरी.

९ जुलै
रागाने तक्रार लिहायला बसले. थांबले. नियम चूक आहे का? पॅसेज अरुंद. धूर झाला तर आईच पहिली अडखळेल. हे पटतं, तरी राग जात नाही. मग मला नक्की काय हवंय?

१४ जुलै
समोरच्या वहिनींनी दुपारी बेल वाजवली होती, घावणे घेऊन. आईने उघडलंच नाही. "बेल वाजली की माका वाटता, कोणतरी परको इलो." खरंच, चाळीत बेल कोणाकडे होती? उघडं दार आणि हाक.
म्हणजे मी ऑफिसातून येईपर्यंत दिवसभर एक शब्द नाही. प्रश्न खुर्चीचा नाहीच.

२० जुलै
बाळ्याला गाठलं. "ताई, तुझ्या आईला सूट दिली की उद्या कोणीतरी फ्रिज आणून ठेवील."
मी म्हटलं, सूट नकोय रे. तळमजल्यावरचं सोसायटी ऑफिस फक्त रविवारी उघडतं, ते रोज संध्याकाळी उघड. म्हातारी माणसं बसतील.
"सभेत मांड. चहा आला की अर्धे पळतात, त्याच्या आधी."

३ ऑगस्ट
सभा. 'आज आई, उद्या आपण' म्हणणार होते. नाटकी वाटलं, गाळलं. म्हटलं, नियम राहू दे, पण बसायला जागा द्या. आणि यापुढे असा नियम करण्याआधी मजल्यावर विचारा.
मागून कोणीतरी : "ऑफिसात पत्ते कुटतील!"
सतराव्या मजल्यावरचे आजोबा : "कुटू की! तुला वाटू काय एक डाव?"
हशा. हात वर झाले. बाळ्याचा उशिरा, पण झाला. महिनाभर करून बघायचं ठरलं. आधी विचारण्याचं मात्र पुढच्या सभेवर ढकललं. सोडायचं नाही.

५ ऑगस्ट
आई हटून बसलीय. "थंय माझा दार खंय आसा?" खरंच, खाली तिचं दार कुठे आहे? माझं समाधान तिच्या गळ्यात बांधतेय का मी?

६ ऑगस्ट
संध्याकाळी बेल. आई हलली नाही, मलाही उठू दिलं नाही. पुन्हा बेल. मग बाहेरून,
"काकी! ओ काकी! मी बाळ्या. खुर्ची न्हेऊक इलंय."
आईने स्वतः दार उघडलं. "मगे बेल कित्याक वाजवतस रे, मेल्या?"
तो हसला, खुर्ची उचलली. "ऑफिसच्या दारातच ठेवतंय, काकी. येणारो-जाणारो सगळो दिसतलो."
खुर्ची खाली गेली. आई अजून वरच, जाणं उद्यावर. "फाल्यां बघूया," म्हणाली. मी दार लावायला उठले, तर मला थांबवून म्हणाली, "रवांदे उघडा."