उरलेला एक षष्ठांश

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनीची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करत नसणार, तू मागे लागत जा. फोनवर मी मुद्द्याला आले की तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

शाळेत सध्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. पोरं एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळवून बिनधास्त दोन पंचमांश लिहितात. मी विचारते, अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं रे? मग खोडरबर शोधायला लागतात.

बाबा गेल्यावर आपणही अशीच बेरीज मांडली होती. आई अर्धं वर्ष तुझ्याकडे, एक तृतीयांश माझ्याकडे, उरलेला एक षष्ठांश मावशीकडे. सहा, चार आणि दोन महिने. बरोबर एक. गणिताच्या बाईंनी कुणावर अन्याय केला नाही म्हणून मीच मिरवून घेतलं होतं.

आता खरं लिहिते. मावशी दोन वर्षांपूर्वीच घर विकून तिच्या मुलाकडे राहायला गेली. तिने मला कळवलं होतं, तुलाही सांग म्हणाली होती. मी नाही सांगितलं. तू म्हणाला असतास, एकेक महिना वाटून घेऊ, आणि मला तो एक महिनाही नको होता. आई माझ्या स्वयंपाकघरात आली की मी पंचेचाळीस वर्षांची बाई पुन्हा बारा वर्षांची होते. तुला नाही कळायचं ते.

नोव्हेंबर लागला की आई ‘मावशीकडे निघाले’ म्हणायची आणि मी तिला बसमध्ये बसवून यायचे. कुठे जातेस, हे विचारलं नाही. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून पूर्ण एक होत नाही, हे मी पोरांना फळ्यावर दाखवते, आणि घरात तीच अपुरी बेरीज दोन वर्षं चालवून घेतली. लाज वाटते मला.

गेल्या सोमवारी एका लाँड्रीवालीचा फोन आला. तिच्या दुकानावरच्या खोलीत आई भाड्याने राहत होती, तापाने फणफणली होती. मी लगेच गेले. एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. लाँड्रीवाली म्हणाली, “आजी गेल्या वर्षीही होत्या. मुलांच्या घरांना रंग लागतोय म्हणतात.” माझी मान वर होईना.

ताप उतरलाय, काळजी करू नकोस. ती आता माझ्याकडे आहे, पण कपडे बॅगेतच ठेवते. काल मी ते कपाटात लावले.

“कशाला? निघताना शोधावे लागतील.”

“निघायचं नाहीये आता.”

तशी ती म्हणाली, “दादाला विचारलंस का?”

तुला विचारत नाहीये, कळवतेय. ते दोन महिने माझे. तुझे सहा, माझे सहा. एक जानेवारीला मी स्वतः तिला घेऊन येईन.

रागवायचं तर माझ्यावर रागव, ऐकून घेईन. पण तिला फोन करशील तेव्हा नेहमीसारखं ‘मावशी कशी आहे’ विचारू नकोस. ती अजूनही म्हणेल, मजेत आहे.

दोन वर्षं माहीत असून गप्प बसलेली,
तुझी चिंगी