एका पालखीला एकच शिंग

अहिल्यानगर,
६ जानेवारी २०२५

ती. अजिनाथमामा यांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून मामी म्हणेल, पोरीचा मोबाईल बिघडला की काय. मोबाईल शाबूत आहे. पण फोन केला की तुम्ही ‘बरं हाय’ म्हणता आणि तो मामीच्या हातात देऊन मोकळे होता. पत्र तुम्हालाच वाचावं लागेल. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

संगमनेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा तुम्ही मान डोलावत होतात आणि लक्ष होतं खिडकीतल्या कबुतरांकडे. डावा डोळा काचबिंदूने गेला. दुखला नाही, म्हणून कळलंही नाही. आता उजव्यातही दाब वाढलाय. थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे आणि शिंग बंद. दम कोंडून फुंकलं की डोळ्यातला दाब चढतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उजवा गेला तर मामीचा हात धरून अंगणात यावं लागेल, मामा. मला त्या विचाराने झोप लागत नाही.

माघी पौर्णिमेची जत्रा जवळ आली. शिंगाची तिसरी हाक झाल्याशिवाय भैरोबाची पालखी उचलत नाहीत, आणि शिंग आपल्या घरातल्यानेच वाजवायचं. तुम्हाला मूलबाळ नाही. पण मी सख्ख्या बहिणीची मुलगी आहे ना? यंदा मी वाजवते. हसू नका. इथे लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या दारात नवरदेवाच्या स्वागताला फेटा बांधून तुतारी फुंकते ती मीच, नोकरी सांभाळून.

आणि एक गंमत. जुन्या बाजारात मोडीच्या ढिगात तांब्याचं शिंग सापडलं. दोन तुकडे आहेत, भोंग्याला पोचे आलेत, पण सांधा बघण्यासारखा आहे. पत्र्याच्या दोन्ही कडा दातांसारख्या कापून एकमेकींत बसवून ठोकल्या आहेत. आमच्या पितळी तुतारीला असलं काही नसतं. हे किती जुनं असेल?

मामीला नमस्कार. होकार कळवावा, म्हणजे जिवाला स्वस्थता येईल.

आपली भाची,
सृष्टी


वाडी, पोस्ट राजूर,
१४ जानेवारी २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घालणार होतो. मामी म्हणाली, पोस्टातल्या मुंग्यांची चंगळ होईल. म्हणून तुझ्या वाटचा मीच खाल्ला. गोड बोलत जा.

दातेरी सांध्याचं शिंग म्हणजे हाताने घडवलेलं. माझ्या आज्याच्या लहानपणी तांबट तशी जोड करत, त्यानंतर कुणी केलेली मी पाहिली नाही. आपल्या शिंगालाही तोच सांधा आहे. आजा सांगायचा, आपलं शिंग गडाच्या दरवाजावर वाजायचं. मला काही ते पटत नाही, गडावरची वस्तू आमच्या पडवीत कशी येईल? पण तो सांगायचा झोकात. तुझे दोन्ही तुकडे एकाच अंगाला वळव, चंद्रकोर होईल. खालचा उलटा फिरवलास तर नागमोडी होईल. आपल्याकडे कोर चालते.

तुझा फेट्यातला फोटो मामीच्या मोबाईलवर पाहिला. बेडकी दिसतेस. गाल फुगवून फुंकलेलं लग्नात खपतं, कारण तिथे ऐकायला कुणी आलेलं नसतं. गाल आत पाहिजेत, ओठ आवळलेले, वारा पोटातून. शिंगात हवा भरायची नसते, ओठ थरथरवायचे असतात. आधी नुसत्या ओठांनी घोड्यासारखं फुर्र करून बघ, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

तू मागितलेल्या होकाराचं बघू. तुला रीत ठाऊक आहे, तरी लिहितो. एका पालखीला एकच शिंग. ज्याचं आधी बोलेल त्यानेच तिन्ही हाका द्यायच्या, दुसऱ्याने त्या दिवशी तोंड लावायचं नाही. पूर्वी आपल्याच भाऊबंदांच्या दोन घरांत मानावरून भांडणं झाली, तेव्हापासून हे ठरलंय. तेव्हा शिंग तुझ्या हातात दिलं आणि तू अडखळलीस, तर मला सावरून घेता येणार नाही.

तसा माझाही दम गेलाच म्हण. दिवाळीत मामीच्या पातेल्यांबरोबर शिंगालाही आतून कल्हई करून घेतली, तोंडात तांब्याचं हिरवं येऊ नये म्हणून. लखलखीत झालंय. पण तेव्हापासून आवाज चिरका निघतो, तोही दुप्पट जोर लावल्यावर. म्हातारपण, दुसरं काय.

जपून राहा. तुझ्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझा मामा,
अजिनाथ


वाडी,
१९ जानेवारी

सृष्टीबाईस मामीचा आशीर्वाद.

तुला लिहावं का न्हाई, लई इचार केला. तुझे मामा शिंग फुकत्यात. सकाळी म्हशीला पानी दावून येतो म्हनून गोठ्यामागं जात्यात. म्हैस हितंच दाव्याला आसती. वढ्याच्या अंगाला उभं ऱ्हाऊन फुकत्यात, आन आवाज न्हाई निगाला की आनिक जोर लावत्यात. घरात येत्यात तवा डोळा लालभडक आसतो. म्हनत्यात धूर गेला.

परवा जेवताना म्हनले, दिव्याभवती रंगाचं कडं दिसतंय, लई झ्याक दिसतंय. त्यांना म्हनलं डाक्टरकडं चला, तर म्हनले जत्रा हू दे.

मी कळवलं हे त्यांना सांगू नको. मागं मी त्यांचा रेडिओ इकला तवा कितीतरी दिस माझ्याशी बोलले न्हवते. पर काय तरी कर बाई. मला डोळ्यांदेखत हे बघवत न्हाई.

तुझी मामी,
छबूबाई


अहिल्यानगर,
२३ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. घोड्यासारखं फुर्र केलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

आधी एक डॉक्टरी गोष्ट, मग शिंगाची. इथे मी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना सहज विचारलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं असं नाही, आपली माहिती असावी म्हणून. ते म्हणाले, दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जत्रा, लग्न, काही बघायचं नाही. तुम्हाला तसं दिसत नसेलच. पण दिसत असेल तर हे पत्र घडी घालून ठेवा आणि संगमनेरची गाडी धरा. बाकीचं गाडीत वाचा.

आता शिंग. बँडची वाद्यं दुरुस्त करणारे अलीमचाचा आहेत, त्यांच्याकडे माझं शिंग नेलं. पोचे काढण्याआधी त्यांनी सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा तोंडाकडून आत सोडला आणि शिंग हळूहळू वळवत नेलं. छर्रा घरंगळत भोंग्यातून बाहेर पडला. मगच म्हणाले, नळी मोकळी आहे, काम करू. मेलं म्हणून लोक आणतात त्या वाद्यांत कधी चिंधी निघते, कधी कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर.

ते ऐकताना मला तुमची कल्हई आठवली. पातेल्यात कापसाच्या बोळ्याने कथील पसरवता येतं. शिंगाच्या बारीक नळीत बोळा जाईल कसा? कथील तिथेच गोळा होऊन बसलं असेल तर? दम तुमचा गेला नसेल, वाट बुजली असेल. छर्रा सोडून बघा. पण फुंकू नका, मामा. गोठ्यामागे तर मुळीच नाही.

मामीवर रागावू नका. तिने काहीही लिहिलेलं नाही.

तुमच्या उजव्या डोळ्याला माझा वेगळा नमस्कार.

आपली,
सृष्टी


वाडी, पोस्ट राजूर,
२९ जानेवारी २०२५

चि. सृष्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मामीने काहीही लिहिलेलं नाही हे वाचून मी तिच्याकडे बघितलं, आणि ती ताबडतोब चुलीकडे बघायला लागली. असो. संगमनेरला जाऊन आलो. दाब चांगलाच चढला होता. गोळ्या दिल्या, थेंब बदलले, कडं गेलं. ते जाताना मात्र मला जरा रुखरुख वाटली, दिसायचं सुंदर.

आता ऐक. छर्रा सोडला, आणि तो बाहेर आलाच नाही! शिंग हलवलं की आत खुळखुळतोय. मग छगन लोहाराकडे गेलो. त्याने नळी बेताने तापवली आणि उभी धरली, तर कथलाचा गोळा पाघळून खाली आला, शेवग्याच्या बी एवढा. त्यातच छर्रा. कल्हईवाला बिचारा नको म्हणत होता, मीच त्याच्या मागे लागलो होतो. शिंगाला पातेल्यासारखं वागवणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

एकदा वाजवून बघितलं. एकदाच, मामीची शपथ. काय सांगू तुला, ओठ टेकले आणि ते बोललं. डोंगरावर आदळून हाक परत आली. पोरी, मी म्हातारा झालो नव्हतो गं. दिवाळीपासून रोज मनात म्हणत होतो, संपलास अजिनाथा. मी संपलो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थेंबांचं नव्हतं.

तेव्हा आता तुला त्रास घ्यायचं कारण उरलं नाही. डॉक्टरांनी मनाई केली ती जोर लावायला. आता जोर लागतच नाही. जत्रेला मीच उभा राहतो. तू जेवायला ये, मामी पुरणपोळी करणार आहे. हे सगळं तुझ्यामुळे झालं, त्याबद्दल तुला काय देऊ ते सांग.

तुझा आनंदात असलेला मामा,
अजिनाथ


अहिल्यानगर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न.

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. तुम्हाला वाचवायला गेले आणि तुमच्या हातात निमित्त दिलं.

मी संगमनेरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, तुमचं शिंग मोकळं असो की बुजलेलं, तीन लांब हाका म्हणजे तीनदा दम कोंडणं आलंच. डोळा आधीच दुखावलेला आहे. कदाचित काही होणार नाही. कदाचित तिसऱ्या हाकेनंतर तुम्ही शिंग खाली घ्याल आणि पालखी दिसणार नाही. आधी सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मामा, तुम्ही यावर पैज लावणार आहात?

मला काय देऊ विचारलंत. जत्रा द्या. दुसरं काही नको.

दिली नाहीत तर मी माझं शिंग घेऊन येईन. अलीमचाचांनी पोचे काढले, छान बोलतंय. मी समोर उभी राहीन आणि तुमच्या आधी फुंकीन. रीत तुम्हीच मला लिहून कळवली आहे. फाटकं वाजलं तर वाजो. सगळी वाडी हसली तरी चालेल.

रागात लिहिलं आहे, पण जे लिहिलं ते करणार आहे. एवढं होऊनही तुमचा आशीर्वाद मागते.

सृष्टी


वाडी,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आपल्या घरात मोठ्यांना कुणी असं लिहिलेलं मला आठवत नाही.

जत्रेला यायचं तर पाहुणी म्हणून ये. शिंग आणू नकोस. चारचौघांत माझा अपमान केलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मामी रडतेय, तिलाही हेच सांगितलं आहे.

अजिनाथ


वाडी, पोस्ट राजूर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,
आशीर्वाद. राग असला तरी ते द्यावेच लागतात.

तुझ्या बाजूने काय झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं सांगतो. पालखी पायरीवर आली, मी शिंग ओठाला लावलं. छाती भरून घेतली. तेवढ्यात समोरून आवाज आला, रेडकू चिखलात रुतल्यासारखा. पिंपळाच्या पाराजवळ तू, फेटा कानावर आलेला, आणि गाल हे एवढाले. लोक हसले. छगन तर पाराची कड धरून हसत होता. मी भरलेला श्वास तसाच सोडून दिला आणि शिंग खाली घेतलं. रीत मोडता येत नव्हती. जन्मात मला कुणाचा इतका संताप आला नसेल.

तू तिन्ही हाका दिल्यास, पालखी उठली, आणि मी तुझ्याकडे पाठ फिरवून घरी आलो. तू न जेवता दुपारच्या गाडीने परत गेलीस. भाची दारात आली आणि मामा तिच्या पाया पडला नाही, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. मी तुझ्याशी बोललो नाही, आणि त्या दिवसापासून तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट समोर आदळते आणि निघून जाते.

शनिवारी संगमनेरला गेलो. दाब आहे तेवढाच आहे. डॉक्टर म्हणाले, ह्यातच समाधान मानायचं. मी वाजवलं असतं तर काय झालं असतं, असं त्यांना विचारणार होतो. विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला ते पटलं नसतं.

राग अजून आहे. पुढच्या महिन्यात ये, तोपर्यंत उतरेल. आपलं शिंगही तेव्हा घेऊन जा, मोडीतल्या शिंगावर आयुष्य काढू नकोस. आलीस की आधी पाया पडेन, मग भांडेन.

एवढं मात्र आजच सांगतो. दुसरी हाक तुझी बरी होती. तिसऱ्या हाकेला आपल्याकडे सगळे हात जोडून डोळे मिटतात, पालखीचे भोईसुद्धा. मी मिटले नाहीत. रागात तुझ्याकडे टक लावून बघत उभा होतो, उरलेल्या एका डोळ्याने. तुझे गाल आत होते. वाडीत दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

तुझा मामा,
अजिनाथ