हिरडीतलं गाव

सूनबाई,

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आत्ताच आलो. त्यांनी माझ्या हिरडीतला मळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. अगं, अख्खं गाव वळवळत होतं! या वेळी थाप नाही, शप्पथ. चांगले जंतू तोंडात असतातच म्हणे. पण मळ साचला की वाईटांचं फावतं, आतलं हाड झिजतं. दोन दात हलायला लागलेत. ब्रशवर दिसायची ती लाल पेस्ट आहे असं तुला सांगायचो, ते रक्त होतं.

आणखी एक. छकुलीला भरवताना घास गरम आहे का, ते मी तिच्याच चमच्याने चाखून बघायचो. तिचे चमचे उकळून ठेवलेत. हिरड्या साफ करायला पुन्हा बोलावलंय, निघतो. आल्यावर हवं तेवढं बोल, पण भरवायचं काम माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

— थापाडे आजोबा