चिंचेनं घासलेली वजनं

बाबा,

तुमच्या शाळेतला तो जुना रासायनिक तराजू सापडला आहे. अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली, काचेच्या पेटीची एक बाजू फुटलेली. शाळेला आता जुन्या उपकरणांचं एक दालन करायचं आहे, म्हणून दोन मास्तर सकाळी घरी आले होते. तराजूशेजारी ठेवायच्या कार्डासाठी चार ओळी लिहून द्या म्हणाले. मी रसायनशास्त्राची प्राध्यापक होते आणि तो तराजू माझ्या वडिलांनी आणलेला, तेव्हा माझ्याशिवाय कोण लिहिणार, असंही म्हणाले. मी चहा दिला, हो म्हटलं, आणि ते गेल्यापासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. चार ओळी काही होत नाहीत. कार्डावर जे लिहिता येत नाही तेच सारखं वर येतं आहे.

तराजू तुम्ही आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. नागपूरच्या एका कॉलेजनं मोडीत काढलेला जर्मन तराजू. पॅसेंजरनं आलात, आणि त्याची दांडी पत्र्याच्या वेगळ्या डब्यात कापसात गुंडाळून मांडीवर घेतली होतीत. सिंदीला कापसाचे व्यापारी चढले, त्यांनी विचारलं, मास्तर, लेकरू हाय का काय? ही गोष्ट तुम्ही केवढ्या कौतुकानं सांगायचात. मला अशा कौतुकानं कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, पण ते असो. रविवारी मला शाळेत नेऊन तुम्ही तो जोडायला बसता. अकीक दगडाच्या धारेवर दांडी टेकते, काटा थरथरतो, आणि तुम्ही म्हणता, ‘‘श्वास रोखून धर, तुह्या फुंकरीनंई हालते तो.’’ मी श्वास रोखते. मग तुम्ही वजनांची पेटी उघडता. आत निळी मखमल, तिच्यात ओळीनं पितळी वजनं, आणि हस्तिदंती टोकाचा चिमटा. बोटांचा घाम लागला तरी वजन खोटं होतं, हे मी तेव्हाच शिकले. आणखी एक शिकवलंत. कोणतंच वजन पुरतं खरं नसतं. एकाला प्रमाण धरायचं, बाकीची त्याच्याशी ताडायची, किती कमी किती जास्त त्याचा तक्ता करायचा, मग खोट्या वजनानंही खरं मोजता येतं. मला वाटलं होतं, केवढा समजूतदार माणूस आहे आपला बाप.

मग ते तपासणीचं वर्ष. शाळेला सायन्सचा वर्ग मिळायचा की नाही हे नागपूरहून येणारे साहेब ठरवणार होते, आणि तुमचं सगळं चित्त त्या वर्गात गुंतलं होतं. प्रयोगशाळेला चुना मारायला काढला म्हणून वजनांची पेटी तुम्ही घरी आणलीत आणि स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवलीत. ‘पोरीहो, हात लावू नका,’ एवढं आम्हा बहिणींना बजावलंत. आईला काही सांगितलं नाहीत. तिला सांगण्यासारखं काही असतं हे तुमच्या कधी डोक्यातच आलं नसावं. दिवाळी तोंडावर होती. आई नाचणगावची, तिच्या माहेरी दिवाळीआधी घरातलं पितळ अंगणात निघतं आणि संध्याकाळपर्यंत झळझळीत होऊन आत जातं. त्या दिवशी तिनं गुंड, परात, समई, देव, सगळं चिंच आणि राखेनं घासलं. मग तिनं ती पेटी उघडली. आत काळवंडलेली वजनं. साहेब येणार, आणि नवऱ्याच्या वस्तू अशा कळकट! तिनं एकेक वजन घासलं, पदरानं पुसलं, उन्हात वाळवलं आणि ज्याच्या त्याच्या खळग्यात परत बसवलं. एकही चुकलं नाही. मी शाळेतून आले तेव्हा पेटी उघडीच होती आणि ती मला म्हणाली, ‘‘पाह्य कशी सोन्यासारखी निंगाली! तुह्या बाबाले सांगू नको, तेईले पाहू दे.’’

तुम्ही पाहिलंत. बरोबर दोन मास्तर होते, पेटी न्यायला आलेले. घरात तुम्ही आमच्याशी वऱ्हाडीत बोलायचात, पण त्या दिवशी ओरडलात ते शुद्ध पुस्तकी भाषेत, कारण दारात ऐकणारे उभे होते. ‘‘अडाणी माणसाच्या घरात शास्त्र आणलं की त्याची अशी राख होते!’’ आई चुलीशी उभी. तिनं एवढंच म्हटलं, ‘‘मले वाटलं सायेब येऊन राह्यले, तं काळी काऊन ठेवा?’’ त्यावर एक मास्तर हसला. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत, उलट तुम्हीही हसलात, आणि ते हसणं ओरडण्याहून वाईट होतं. तिचा असा पाणउतारा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवली नाही, आणि तुम्ही तिला जेव म्हटलं नाहीत.

सायन्सचा वर्ग त्या वर्षी मिळाला नाही. झालं, तुम्हाला आयुष्यभर पुरेल एवढा विनोद मिळाला. घरी कोणी आलं, की चहा व्हायच्या आत, ‘‘आमच्या मंडळीनं सायन्सचा वर्ग चिंचेच्या पान्यात बुडवला!’’ पाहुणे खोखो हसायचे. आई चहाचे कप खाली ठेवायची, तीही ओठ दाबून हसायची, कारण न हसली असती तर तुम्ही म्हणाला असतात, हिला थट्टाही कळत नाही. तुमच्या जिभेला हाड नव्हतं, बाबा, आणि आम्ही सगळे मूग गिळून बसत होतो. आणि त्या दिवसापासून ती तुमच्या कुठल्याही वस्तूला विचारल्याशिवाय हात लावीनाशी झाली. चष्मा पुसायचा, पुस्तकं झटकायची, वाळलेलं धोतर दोरीवरून काढायचं, आधी दारात उभी राहून विचारायची, ‘‘हात लावू काय?’’ शेवटच्या दुखण्यात तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, तेव्हा तुमचं कपाळ तापलं का पाहायलाही तिनं विचारलं, ‘‘हात लावू काय?’’ मी उशाशी होते. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं, आणि तुम्हाला एकदाही ते खटकलं नाही?

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर तुमचं कपाट आवरायला मी बसले. प्रयोगांच्या जुन्या वह्यांत त्या वर्षीची वही होती. तुमचं ते मोत्यासारखं अक्षर. पान भरून दुरुस्तीचा तक्ता, प्रत्येक वजनापुढं त्याची घट, मिलिग्रॅममध्ये. चिंचेनं जेवढं नेलं तेवढं सगळं तिथं नोंदलेलं. खाली तुमचीच ओळ: तक्ता वापरून तराजू साहेबांसमोर चालवला, साहेबांनी समाधान व्यक्त केलं. आणि त्याखाली: पाण्याची सोय नसल्यामुळे वर्ग नामंजूर. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. एका दुपारच्या कामात वजनं पुन्हा कामाची झाली होती, तपासणी नीट पार पडली होती, आणि वर्ग गेला तो शाळेला विहीर नव्हती म्हणून. पाण्यासाठी तुम्हाला संस्थेच्या लोकांशी भांडावं लागलं असतं. त्यापेक्षा आई सोयीची होती. पितळाची घट तुम्ही मिलिग्रॅमपर्यंत मोजलीत, तिची कधी मोजली नाहीत. मला तुमची किळस आली, बाबा. बापाबद्दल असं लिहू नये, पण आली.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. वही माझ्या हातात पाहून तिनं विचारलं, ‘‘काय लिवलं हाय त्यात?’’

‘‘पोरांचे मार्क आहेत.’’

‘‘माह्यं त्या वजनाचं काई नाई लिवलं ना?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘मले वाटे, तेई लिवून ठेवलं असन तेईनं.’’ आणि पुन्हा सुपात खडे शोधू लागली.

तेव्हाच ते पान मी तिला वाचून दाखवायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. नुकती विधवा झालेली बाई, तिच्या मनात नवऱ्याबद्दल विष कशाला कालवा, असं मी स्वतःला समजावलं. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. त्या नऊ वर्षांत विष कालवायचा प्रश्न नव्हता, तरी मी बोलले नाही. ती गेली ती आपल्या हातानं वर्ग बुडाला असं मानूनच.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. ते लिहायला हवं होतं आईला. तुमच्यावर रागावणं सोपं जातं म्हणून तुम्हाला लिहिलं. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून दर जूनमध्ये, नवा वर्ग तराजूभोवती उभा राहिला की, वजनांना हात का लावू नये हे सांगताना मी एक गोष्ट सांगत असे. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या अडाणी बाईनं वजनं चिंचेनं घासली, आणि सायन्सचा वर्ग बुडवला. पोरी हसायच्या. तुमचं तेरावं मे महिन्यात झालं. वही माझ्या पेटीत होती, पान मला पाठ होतं. त्या जूनमध्येही मी ती गोष्ट सांगितली, आणि पोरींबरोबर मीही हसले.