शेठचा पेढा

मंगळवार, ९ सप्टेंबर

परवा लिहिलं ते चूक आहे. टॉवेल कारखान्यातल्या बायकांनी मजुरीकपातीच्या कागदावर आंधळेपणाने अंगठे दिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मंदीत तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. घरात शिकलेली मी पहिली, म्हणून आई मला घेऊन गेली होती. मी म्हणाले, "कपात ऑर्डरी परत येईपर्यंतच, असं लिहिलंय. द्या अंगठे."

ऑर्डरी कधीच्या आल्या. आज शेठने नव्या शेडचे पेढे वाटले. आईने विचारलं, "शेठ, आमची जुनी मजुरी?"

तो हसला म्हणे. "दोन वर्षं भागलं की तुमचं! आता काय नडलंय?"

किती हलका माणूस! मंदीत हाच हात जोडत होता. आमच्या घरी रात्रीची भाजी बंद झाली, त्याला हा भागणं म्हणतो.

आईने तिचा पेढा माझ्यासाठी पदरात बांधून आणला. ताटलीत तसाच आहे. खाववत नाही, आणि आईने आणलेला टाकवतही नाही.

कागदाची झेरॉक्स सापडली. शेठसमोर वाचला आणि त्याने आईला कामावरून काढलं तर? तिलाच विचारलं. म्हणाली, "मागं वाचलास तसा वाच की."

वाचणार. शेठच्या समोर, मजुरी वाटपाच्या वेळी, शनिवारी १३ तारखेला.