बुधवारची करवत

बुधवार, ५ फेब्रुवारी

सुट्टी. टेबल हलतं! नवा फ्रिज आला, त्याने टेबलाची जागा बळकावली आणि टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गेलं, तेव्हापासून हे सुरू आहे. कप ठेवला की निम्मा चहा बशीत. आई म्हणते, बशीतूनच प्यावा, लवकर निवतो. आईकडे सगळ्याला उत्तर तयार असतं.

पायाखाली कागदाची घडी घालण्याची सूचना मी फेटाळली. घरात कागद एकच येतो, आणि त्यात माझ्या बातम्या असतात. तत्त्वाचा प्रश्न आहे. करवत काढली. एक पाय किंचित लांब वाटला, तेवढा कमी केला. टेबल स्थिर! दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग कोपरांनी, मग आईला बोलावून दाखवलं. 'बरं झालं,' म्हणाली. आमच्या संपादकांचं कौतुकही साधारण एवढ्याच लांबीचं असतं.

हिला, म्हणजे बायकोला, सांगणार नाही. आमच्या घरची रीतच तशी – काम करायचं आणि गप्प राहायचं. समोरच्याच्या आपोआप लक्षात आलं तर त्यात जास्त गोडी. सांगून केलं तर ती जाहिरात.

सकाळची गोष्ट मुद्दाम शेवटी लिहितो आहे. ही हॉस्पिटलला निघताना, चपला घालता घालता म्हणाली – दुसऱ्या गावी परिचारिकांचं नवं विद्यालय निघतंय, तिथे शिकवायला बोलावलंय. दोन वर्षं. एका रात्रीचा प्रवास. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं.

'तुला काय वाटतं?'

'विचार करू.'

कचेऱ्यांतून कुठलाही प्रश्न विचारला की 'विचाराधीन आहे' असं उत्तर मिळतं. या उत्तराची मी आजवर छापील टिंगल करत आलो. आज घरी तेच वापरलं. चांगलं चालतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हिची सुट्टी. माझी बुधवारी, हिची शुक्रवारी. संस्कृतात दोघांसाठी खास द्विवचन ठेवलेलं आहे. आमच्या आठवड्यात त्याची सोय नाही. घरी आलो तर स्वयंपाकघर लखलखीत. टेबलाबद्दल अवाक्षर नाही. विद्यालयाबद्दलही नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

'काय ठरलं?' असं तिने विचारलं नाही, मी काढलं नाही. आम्ही दोघंही अतिशय सभ्य माणसं आहोत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पंख्याची पाती पुसली. खिडकीच्या कडीत तेल सोडलं – ती उघडताना बाळंतघरासारखी ओरडायची, आता नुसती कण्हते. एक जुना संस्कृत श्लोक मराठीत उतरवतो आहे कधीपासून; त्यावरून ही मला शास्त्रीबुवा म्हणते. तीन चरण झाले, चौथा हट्टाला पेटला आहे. आजही बधला नाही.

आणि टेबल पुन्हा हलतं! लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं, असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे दोष माझ्या करवतीचा नाही, पंचमहाभूतांचा. दुसऱ्या एका पायाला करवत लावली. भुसा केरात, केर बाहेर. पुरावा शिल्लक नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. 'आज परत का?' एवढंच विचारलं. 'किरकोळ दुरुस्ती,' मी म्हणालो. ती मान हलवून गेली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जेवताना आई – 'खुर्च्या उंच झाल्यात का रे?'

'खुर्च्या कशा उंच होतील?'

'मग मीच वाढले असेन. या वयात!'

ही ताटात बघून हसत होती. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. कारण विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुन्हा उघडकीस आला!

सकाळी श्लोक घेऊन टेबलाशी बसायला गेलो आणि गुडघा फळीवर आपटला. असा आपटला की चौथा चरण सुचता सुचता पळाला. खाली वाकून पाहिलं. मी दोन पाय कापले होते. कापलेले दिसत होते चार.

करवत खिळ्याला होती, पण दाते बाहेर करून. मी नेहमी दाते भिंतीकडे ठेवतो. लगेच फोन लावला.

'तू टेबलाला हात लावलास का?'

'जरासं कापलं. दोन्ही शुक्रवारी. हलत होतं ना! म्हटलं बघू, शास्त्रीबुवांच्या लक्षात येतं का.' मग एकदम थांबली. 'का? तूसुद्धा?'

मी कबूल केलं. पलीकडे बाई अशी हसत सुटली, की मागून कुणीतरी 'सिस्टर, काय झालं हो?' म्हणून धावलं. 'घरी एक पेशंट आहे,' ही त्यांना सांगत होती, 'चारही पाय गेले.'

आईला विचारलं, टेबल असं दर आठवड्याला हलायला का लागतं. आई शेंगा सोलत असावी तशी शांतपणे लोकरीचा गुंडा सोडवत होती. म्हणाली, 'मी रोज झाडताना ते ओढते. परत लावताना कधी हे टोक खिडकीकडे, कधी ते. खिडकीखालची फरशी खचलीय. तिच्यावर कुठलाही पाय आला तरी हलणारच.'

'तुला माहीत होतं?'

'रोज तिथे ठेचकाळते मी.'

'मग सांगितलं का नाहीस!'

'मला कोणी विचारलं? तू बुधवारी कापायचास, ती शुक्रवारी कापायची. दोघंही शिकलेली. मला वाटलं, ठरवून चाललंय.'



गुरुवार, २० फेब्रुवारी

तिने जाऊ नये. इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

रविवार, २३ फेब्रुवारी

आईला आपला रक्तदाब आपणच मोजायचं मशीन आणलंय. ही कामावरून आली, पदर-केस सावरायच्या आधीच आईच्या शेजारी बसली. पट्टा कुठे बांधायचा, हात कसा सैल सोडायचा, मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं आईला सगळ्यांत जड गेलं. आईने पट्टा उलटा बांधला. मग सुलटा, पण कोपरावर. मग बरोबर बांधला आणि शेजारणीची गोष्ट सुरू केली. हिचा आवाज एकदाही चढला नाही. 'आई, आता तुम्ही मला शिकवा,' म्हणाली आणि स्वतःचा हात पुढे केला. आईने तिला इतकं झकास शिकवलं! मध्ये एकदा रागावलीसुद्धा – 'बोलू नकोस गं!'

मी वर्तमानपत्राआडून बघत होतो. हॉस्पिटलमधून घरी येणारी बाई मला रोज दिसते. थकलेली असते. ही तिच्यापेक्षा वेगळी होती. हिच्याकडे बघताना कळलं की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीचा विचार करत होतो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हिने मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घेतली. दोघांनाही सुट्टी! आई म्हणाली, आज कुठे काय कापायचं ते एकत्र कापा.

फरशी उखडली. खाली पोकळ. वाळू भरली, सिमेंट कालवलं, फरशी बसवली. समपातळी बघायला ही ताटात पाणी घालून घेऊन आली. 'डावीकडे उतार आहे.' 'कुणाच्या डावीकडे?' 'शास्त्रीबुवा, ताटाला डावं-उजवं कळत नाही, पाणी कुठे जातंय ते बघा.' दोन तास गुडघ्यांवर. कमरेने नंतर स्वतंत्र निवेदन दिलं.

सिमेंट ओलं, म्हणून स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. चहा बाहेरून आणला आणि तिघं उंबऱ्याशी बसून प्यायलो. मग आई 'मी पडते जरा' म्हणून उठली. तिला दिवसा झोप येत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

मी म्हणालो, 'जा तू. विद्यालयाचं म्हणतोय.'

ती फरशीकडे बघत राहिली. 'मनापासून?'

'अर्ध्या मनापासून. पण ते अर्धं खरं आहे.'

'आणि आई? घर?'

'आई मला सांभाळेल. टेबल आता कुणी कापणार नाही.'

'दोन वर्षं म्हणजे किती, माहितेय ना?'

'माहितेय. तू रविवारी आईला शिकवत होतीस ना, तेव्हा मी बघत होतो. असं रोज करायला मिळत असेल तर न जाणं हा मूर्खपणा आहे.'

  ती माझा रिकामा कप घेऊन उठली, आणि सवयीने स्वयंपाकघरात जाऊन ओल्या फरशीवर पाय दिला! फरशी पुन्हा बसवली. या वेळी भांडलो नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी ही म्हणाली, 'तुला एक सांगायचं राहिलंय. तू विचार करू म्हणालास ना, त्याच दुपारी मी त्यांना नाही म्हणून कळवून टाकलं होतं. म्हटलं, तुला नकोय, मग विषय कशाला वाढवा. परवा तू जा म्हणालास. म्हणून काल परत फोन केला. जागा रिकामीच होती. सोमवारी हजर व्हायचंय.'

'वा!' मी म्हणालो.  शिडी लावली, माळ्यावर चढलो आणि तिची मोठी बॅग खाली काढून दिली.