रात्रीची नळी

शनिवार, सकाळ

चि. पिंट्यास,
ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. दवाखान्यात नवी खुर्ची आणली. ती इतकी मऊ आहे की पेशंट तोंड उघडायचं सोडून डोळेच मिटतात! तुझ्या भाऊजींचा गुडघा जैसे थे. तुझी बायको अजून माझ्याकडेच आहे, ते तू जाणतोसच. तिच्याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तिच्या हिरड्या सुजायच्या, सारखं तोंड यायचं. तुझं ठरलेलं उत्तर, "आळशी आहे, नीट ब्रश करत नाही." अरे, मी दातांची डॉक्टर आहे. दात लख्ख होते. म्हणून तर लाळ तपासायला सांगितली. मनावर ताण असला की त्याचं हार्मोन लाळेत उतरतं. सकाळी ते जास्त असतं, रात्रीपर्यंत ओसरायला हवं. ओसरलं नाही तर हिरड्या बिघडतात, जखमा भरत नाहीत.

घरी भरलेल्या सकाळच्या नि रात्रीच्या नळ्या तू स्वतः आणून दिल्यास. केवढं कौतुक वाटलं मला! सकाळची नळी रक्ताने गुलाबी झालेली, म्हणून लॅबने परत पाठवली. रात्रीची मात्र स्वच्छ, आणि हार्मोन अगदी कमी. "बघ, कसला ताण नि कसलं काय," असं म्हणून तू हसलास.

एकाच दिवसात हिरड्यांचं रक्त थांबलं कसं? चूळ भरली असेल, अशी मी माझी समजूत घातली. मग तिला विचारलं.

"मीच भरली," ती म्हणाली. पण बघत होती दाराकडे.

पिंट्या, ती लाळ रात्री निवांत झोपणाऱ्या माणसाची होती. तुमच्या घरात तुम्ही दोघंच राहता.

इथे आल्यापासून तिच्या हिरड्या सुधारल्या. रात्रीची लाळ मी स्वतः समोर बसून घेते, स्वच्छ असते, हार्मोनही कमी. परवा रात्री तू तिला न्यायला आलास, बाहेर बाकावर बसलास. तेव्हाही आत मी तिची लाळ घेतली. कालच रिपोर्ट आला. आकडा तिच्या इथल्या इतर रात्रींच्या दुपटीहून जास्त आहे.

लाळ काही साक्ष देत नाही, हे मलाही कळतं. म्हणून सरळ विचारते. तू तिच्यावर हात उचलतोस का?  तू माझा धाकटा भाऊ आहेस, "नाही" म्हणालास तर मला हवंच आहे ते. पण मग इथे ये, माझ्यासमोर तुझ्या लाळेची नळी भर, आणि रात्रीची ती नळी कुणी भरली ते तिच्या तोंडावर सांग.

तोवर तिला न्यायला येऊ नकोस. दार मी उघडणार आहे, ती नाही.

तुझी, पण सध्या आधी तिची,
ताई